एक गोळी मायची, एक बाबाची

आधीच सांगतो, मला गप बसून लिहायची सवय न्हाई. एवढं लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठलो. एकदा पाणी प्यालो, एकदा पंखा बंद करून परत चालू केला, आन् एकदा खिडकीतून भंगारवाल्याला त्याच्याच आवाजात हाक मारली. बिचारा गल्लीत दुसरा भंगारवाला शोधून राह्यला होता. तर सांभाळून घ्या.

मी आता एकवीसचा हाय. सांगतोय ते मी तिसरीत असतानाचं, आमच्याकडं मोबाईल यायच्या आधीचं. ज्यांच्या घरात माझ्यासारखं पोरगं हाय आन् गोळी द्यावी का न्हाई म्हणून मायबापाचं जमंना झालंय, त्यांच्यासाठी लिहितोय. डॉक्टरकीतलं मला काही कळत न्हाई. गोळी गिळणाऱ्याचं तेवढं कळतं.

भोंगा

बाबा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला. गाळप सुरू झालं की तिथं घड्याळ कोणी बघत न्हाई, भोंगा ऐकतात. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार, अशा तीन पाळ्या. दर आठवड्याला पाळी बदलायची. कॉलनीत दोन खोल्यांत आम्ही चौघं: माय, बाबा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी मीराताई आन् मी, सोपान.

मला भोंगा काढता यायचा. तोंडाला पितळी तांब्या लावला की बिलकुल तसाच. एकदा दुपारच्या पाळीच्या आधी अर्धा तास काढला, तर शेजारचे काका सायकलीला डबा अडकवून निघून गेले आन् गेटवर उभं राहून हातातल्या घड्याळाला शिव्या देत बसले. मास्तर, वॉचमन, भाजीवाली मावशी, बाबा, माय, सगळे मला यायचे.

आवाजावर लोक हसायचे. बाकीच्यावर न्हाई. मी जेवता जेवता उठून जायचो. चालत्या ट्रॉलीवर मागून चढून ऊस ओढायचो. डावा हात दोनदा मोडला, एकाच जागी. वर्गात मला खिडकीजवळ बसवलं की खिडकीतून बाहेर, दाराजवळ बसवलं की दारातून. मारून मारून सगळे थकले. शेवटी जाधव सरांनी बाबाला बोलावून घेतलं. त्यांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बराबर का?' म्हणायची खोड होती. ते म्हणले, पोरगं हुशार हाय, बराबर का, पण ते स्वतःच्या हातात न्हाई. औरंगाबादला दाखवा.

चार अक्षरं

ज्या दिवशी आजाराचं नाव कळलं तो दिवस मला वासासकट ध्यानात हाय. फिनेल आन् मायच्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास.

डॉक्टर नाकातून बोलायचे, हळू. वीस-पंचवीस मिनिटं ते नुसते बघत राह्यले. तेवढ्यात मी त्यांचे दोन ड्रॉवर उघडले, तपासायच्या पलंगाखालून निघालो आन् बाहेरच्या कंपाउंडरच्या आवाजात पुढच्या पेशंटला हाक मारली. पुढचा पेशंट आत पण आला. डॉक्टर रागावले न्हाईत. माय नंतर म्हणायची, तिला तिथंच भेव वाटलं. ज्याला ह्या पोराचा राग येईना, त्यानं नक्की काहीतरी मोठं बघितलंय.

मंग त्यांनी चार अक्षरं सांगितली. एडीएचडी. मला तवा पूर्ण एबीसीडी येत नव्हती, आन् माझ्या नावामागं डिग्री लागली.

गोळी लिहून देताना त्यांनी पेन खाली ठेवला आन् दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "रोज सकाळी एक. एकच. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत." ही गोळी त्यांच्या कागदाशिवाय मिळत न्हाई, दर महिन्याला दाखवायला आणा, भूक, झोप, छाती, सगळ्यावर लक्ष ठेवा, असं बरंच सांगितलं.

बाबानं एकच विचारलं, की गोळी घेतल्यावर हा असाच राहील का. डॉक्टर म्हणले, शांत राहील.

बाबाचा चेहरा पडला. त्याला कारण होतं शहागडचे नाना, बाबांचे थोरले भाऊ. त्यांना जवानीत कसल्यातरी डोक्याच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. त्यांचा आजार वेगळा, गोळ्या वेगळ्या, हे आता मला समजतं. पण मी बघितले तवा नाना हायवेच्या कडंला खाटंवर बसून राहायचे. ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखा जायचा, तरी मान वळायची न्हाई. सगळ्या खानदानात नानाचा एकट्याचा आवाज मला कधी काढता आला न्हाई. काढायला काही नव्हतंच.

परतीच्या एस.टी.त मी नाकातून सुरू झालो. रोज सकाळी एक. एकच. कंडक्टर हसला, मागच्या बाया हसल्या. बाबा हसले न्हाईत. कागदाची घडी करून त्यांनी आतल्या खिशात घातली आन् अंबडपर्यंत खिशावर हात ठेवून बसले. उतरताना मायला म्हणले, "माझ्या घरात दुसरा नाना नको. विषय संपला."

गूळ-भाकर

माय भांडली न्हाई. तिनं दोन दिवस नुसती भांडी जोरात ठेवली. तिसऱ्या दिवशी बाबाचा शर्ट धुवायला घेतला आन् कागद काढून ठेवला. बाबांनी नंतर खिसा चाचपला, तर ती म्हणली, पाण्यात गेला असंल.

तिचा भाऊ, आमचा मामा, बदनापूरहून रोज रेल्वेनं औरंगाबादला कामाला जायचा. तो कागद मामाकडं गेला आन् गोळ्यांची पट्टी आमच्या मोहरीच्या डब्यात आली. सकाळी शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर गूळ, गुळात गोळी. माय माझ्या हनुवटीला धरून म्हणायची, "बाबाला सांगू नको हं राजा. उगं डोस्कं फिरवून घेतील."

आता खरं सांगतो. गोळीनं फरक पडला. पहिल्या आठवड्यात मी एक धडा शेवटपर्यंत वाचला. तोपर्यंत मला वाटायचं पुस्तकातले धडे अर्धेच असतात. आवाज पण येत होते, थोडे कमी. जाधव सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मारायला न्हाई. असंच राह्यलं असतं तर मला हे लिहायचं काही काम नव्हतं.

गव्हाण

मामाला एकदा पट्टी आणायला दोन दिवस उशीर झाला. त्या दुसऱ्या दिवशी मायनं मला बाबाचा डबा द्यायला गेटवर पाठवलं. वॉचमन पोरांना आत सोडत न्हाई. मी भिंतीमागं जाऊन मोठ्या साहेबाच्या आवाजात म्हणलं, सोड रे त्याला. वॉचमन उभा राहून सलाम करेपर्यंत मी आत.

ऊस जिथं साखळीवर पडून पुढं कापायला ओढला जातो, तिला गव्हाण म्हणतात. मोळ्या पडून राहतात, साखळी ओढत राहते, पुढं पाती फिरत असतात. मला ती साखळी चालत्या रस्त्यावानी दिसली. त्यावर उभं राहिलं तर आपण न चालता जाऊ, एवढंच डोक्यात आलं. भेव आलंच न्हाई. हीच तर बीमारी. आधी पाय जातो, भेव मागून पायी पायी येतं.

एक पाय कठड्याच्या पलीकडं टाकल्ता. कोणीतरी कॉलर धरली. कॉलर फाटून त्याच्या हातात राहिली, पण तोवर दुसऱ्या हातानं त्यानं दंड पकडला होता.

बाबा पळत आले. मी गाल पुढं करून उभा, मार कुठून येतो बघत. मार आला न्हाई. त्यांनी मला नळावर नेलं, तोंड धुतलं, पाय धुतले. परत तोंड धुतलं. त्यांच्या हाताला काम सापडत नव्हतं. कॉलर धरणाऱ्या माणसाला ते म्हणले, कोणाला बोलू नका. आन् मला म्हणले, "मायला सांगू नको."

त्याच आठवड्यात बाबा सुट्टी टाकून एकटे औरंगाबादला गेले. डॉक्टरला सांगितलं, कागद हरवला. दुसरा कागद घेतला, पट्टी घेतली आन् चष्म्याच्या डबीत ठेवली. घरी सांगितलं कारखान्याच्या कामानं गेल्तो. 'विषय संपला' म्हणून बसलेला माणूस आता बायकोला कसं सांगणार, की विषय मीच उघडला.

शाळेत सोडताना ते सायकल थांबवायचे. नळावर ओंजळभर पाणी आन् एक गोळी. "मायला सांगू नको. मी नको म्हणलो होतो ना. तिला हसायला होईल."

इकडं मामाची पट्टी पण पोचल्ती.

दोन

तुम्ही म्हणाल, पोरा, तुला तर डॉक्टरचं 'एकच' तोंडपाठ होतं. होतं की. पण मी नऊ वर्षाचा होतो. मला वाटलं एक मायची, एक बाबाची. दोघांनी शपथ घातल्यावानी सांगितलं होतं, आन् माझ्यावर भरोसा ठेवून कोणी काही सांगितल्याची ती पहिलीच वेळ. आख्ख्या कॉलनीत माझ्या पोटात काही राहत न्हाई म्हणून मी नावाजलेला. हे एक राहिलं.

आधी भूक गेली. मंग झोप. हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं, छातीत कोणी पळत असल्यासारखं. शाळेत मी दगडावानी बसायचो. सर खूष न्हाई झाले, ते वाकून माझ्या डोळ्यात बघायचे. आन् आवाज गेले. भाजीवाली मावशी दारात आली, मुद्दाम थांबली, माझी वाट बघून निघून गेली. मला तिचा आवाज येत होता, पण काढायचा कशाला हे आठवत नव्हतं. मी बोटांची सालपटं काढत बसायचो. मीराताईनं एकदा मायला हळूच म्हणलं, "माय, हा नानावानी बसून राह्यला." मायनं तिला चापट मारली आन् मंग तिलाच जवळ घेऊन बसली.

घर शांत झालं. त्या शांततेत कोणाला घास जात नव्हता.

एक गोष्ट समोर होती आन् कोणाला दिसली न्हाई. बाबाची पाळी चार ते बाराची असली की ते पहाटंच जायचे, मला शाळेत सोडायला ताई यायची, आन् त्या आठवड्यात मी बरा व्हायचो. जेवायचो. एखादा आवाज पण काढायचो. पाळी बदलली, बाबा सकाळी घरी राहायला लागले, की मी परत आजारी. माझं दुखणं कारखान्याच्या पाळीच्या फळ्यावर लिहिल्यावानी बदलत होतं.

मायनं ते पकडलं, पण उलटं. ती बाबाला म्हणली, पोरगं तुमची धास्ती घेतंय. तुम्ही घरात असले की याचे हात कापतात. त्या दिवसापासून बाबा सकाळी अंगणातच बसायचे, मला दिसणार न्हाई असं. सायकलीवर मात्र न्यायचे. नळावर थांबायचे. माझ्याकडं न बघता गोळी हातावर ठेवायचे.

मायनं मनातल्या मनात ठरवलं, अर्धी देऊन बघू. अर्धी दिली. दोन दिवसात तिला वाटलं फरक पडंना, उलट गोळीच कमी पडत असंल. परत पूर्ण दिली. बाबा तिकडं विचार करून राह्यले, की एकाच गोळीनं हे हाल, आन् बंद केली तर गव्हाण. दोघं एकाच चुलीपुढं बसायचे आन् आपापल्या डब्याचं झाकण धरून गप.

तिसरा तास

गणिताचा तास होता. फळ्यावरचे आकडे हलायला लागले. छाती इतकी जोरात, की मला वाटलं शेजारच्या पोराला ऐकू जाईल. मी सरांना सांगायला उठलो आन् उभं राहायचंच राहून गेलं.

पुढं जीप. जाधव सरांच्या मांडीवर डोकं, आन् ते सारखं म्हणत होते, डोळे उघडे ठेव, बराबर का, उघडे ठेव. जालन्याच्या दवाखान्यात छातीला गार चिकट वायरी लावल्या. हाताला सलाईन. शेजारच्या यंत्राची टिकटिक एवढी जल्दी चालली होती, की मीच तिच्याशी शर्यत लावून हरलो.

माय आन् बाबा वेगवेगळे आले, माय ताईसोबत एस.टी.नं, बाबा ड्युटीवरून तसेच, अंगाला मळीचा वास.

डॉक्टरीण बाई होत्या. जाधव सरांकडून कळल्यावर त्यांनी औरंगाबादच्या डॉक्टरला फोन केल्ता, त्यामुळं गोळीचं त्यांना माहीत. त्यांनी पलंगाजवळ उभं राहून विचारलं, "गोळी कोण देतं? किती देता?"

मायनं पदर तोंडाला लावला. बाबाकडं बघितलं न्हाई. "म्या देते. रोज एक. यांना म्हाईत न्हाई."

मी बाबाकडं बघितलं. आता बाबा बोलतील. बाबांचा हात शर्टाच्या खिशावर गेला, चष्म्याच्या डबीवर, आन् तिथंच थांबला. ओठ हलले. आवाज आला न्हाई. मला एकदम शहागडचे नाना दिसले. तेच तोंड.

बाई म्हणल्या, एका गोळीनं एवढं होत नाही. मग याच्या हृदयात काहीतरी असणार, आजच मोठ्या ठिकाणी हलवावं लागेल. माय खाली बसली. बाबा तसेच उभे. मला आता कळतं, त्यांना त्या वेळी सगळं समजलं होतं. पण म्हणायला एक सेकंद उशीर झाला, आन् त्या एका सेकंदावर दुसरा, तिसरा चढत गेला. मोळीवर मोळी.

बाई माझ्याकडं वाकल्या. "बाळा, तू सांग."

सांगणार कसं? दोघांना शब्द दिल्ता. पण आवाज काढायला कोणी मना केलं नव्हतं.

जीभ कोरडी होती. आधी मायचा काढला, हनुवटी धरल्यावानी. "बाबाला सांगू नको हं राजा." मंग बाबाचा. "मायला सांगू नको. मी नको म्हणलो होतो ना." मंग नाकातून, हळू, औरंगाबादच्या डॉक्टरचा. "रोज सकाळी एक. एकच."

कोणी हसलं न्हाई. माझ्या आख्ख्या आयुष्यात एवढे बराबर आवाज मी परत कधी काढले नसतील.

बाबांनी खिशातून डबी काढून पलंगावर ठेवली. मायनं ती उघडली. अर्धी पट्टी. एकेक रिकामा खड्डा बोटानं मोजत गेली.

"कधीपसून?"

"गव्हाणीच्या दिवसापसून."

"कोणती गव्हाण?"

मंग बाबांनी तिला ते सांगितलं. कॉलर, साखळी, सगळं. डॉक्टरीण बाईंनी सिस्टरला कागदावरचं मोठ्या ठिकाणी हलवायचं खोडायला सांगितलं.

ओंजळ

दोन दिवस तिथं ठेवलं. छाती आपोआप जाग्यावर आली. ताईनं मोसंबी सोलून दिली आन् साली माझ्या पलंगाखाली लपवल्या, सिस्टर रागावते म्हणून. सिस्टरनं त्या बघितल्या आन् पायानं अजून आत सारल्या. एवढं मात्र चांगलं झालं.

मायबाप दोन दिवस एकमेकांशी भांडले न्हाईत. भांडले असते तर बरं झालं असतं. माय एकदाच बोलली, "तुमच्या धास्तीनं हात कापतात म्हणले मी." बाबा म्हणले, "खरंच होतं की."

औरंगाबादला दोघं सोबत गेले. डॉक्टरनं पंधरा दिवस सगळं बंद ठेवलं, मंग पुन्हा एक सुरू करू म्हणले, पण तुमच्या दोघांचं एकमत असेल तर. त्या पंधरा दिवसात घरात भोंगा परत वाजला, भाजीवाली परत आली, आन् मी एकदा पाण्याच्या टाकीच्या शिडीवर अर्ध्यात सापडलो. खाली माय शिडी धरून उभी, वर बाबा एकेक पायरी चढत. खाली आल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढंच एकमत.

दुसऱ्या महिन्यापासून गोळी चुलीपुढं, दोघांच्या देखत. पट्टी एकच, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत. मायच्या तळव्यावर गोळी, बाबाच्या हातात पाण्याचा गिलास. पहाटंची पाळी असली तर माय बाबांच्या येण्याची वाट बघायची न्हाई, पण बाबा आल्या आल्या आधी पिशवी उघडून गोळ्या मोजायचे आन् मंग चप्पल काढायचे.

पहिल्या सकाळी गिळल्यावर दोघं माझ्यासमोरून उठलेच न्हाईत. बघत बसले, मी कधी गप होतो ते. मला ते बघवंना. मी वॉचमन काढला, मावशी काढली, भोंगा काढला. मन नव्हतं, तरी काढले. माय हसली, आन् हसता हसता तिनं माझ्या छातीला हात लावून बघितला. तेव्हापासून घरात मी आवाज काढतो आन् माय ऐकत न्हाई, तपासते. आजही फोनवर माझा आवाज जरा सपाट वाटला, की म्हणते, काढ बरं एखादा.

दहावीपर्यंत गोळी चालली, मंग डॉक्टरनं हळूहळू सोडवली. गोळीनं माझं भलं केलं. भेव वेळेवर यायला लागलं. ज्यांच्या घरी हा विचार चालू हाय त्यांना मी 'द्या' पण म्हणत न्हाई, 'देऊ नका' पण न्हाई, ते तुमच्या डॉक्टरला विचारा. मी एवढंच म्हणतो, लेकराला गोळी द्या, गुपित देऊ नका. गोळी संध्याकाळपर्यंत उतरती.

गेल्या दिवाळीत सगळे जमले होते. मामा म्हणला काढ, जाधव सर पण आल्ते, त्यांना त्यांचाच 'बराबर का' ऐकवला, ते डोळे पुसून पुसून हसले. बाबा कोपऱ्यात बसून राह्यले होते. आता रिटायर झालेत, फार बोलत न्हाईत. सगळं उरकल्यावर म्हणले, "सोपान, माझा न्हाई काढला रे कधी. त्या दवाखान्यानंतर."

मी म्हणलं, तुमचा येत न्हाई मला आता.

ते मान हलवून बरं म्हणले, आन् त्यांचा हात उगंच शर्टाच्या खिशावर गेला.

येतो मला. बराबर येतो.